राजगिऱ्याला नत्र देताना

आपण निफाडला प्रथमच राजगिरा पेरत आहात, याचा मनापासून आनंद झाला. नत्र वाढवून दाण्यातील प्रथिने सुधारतील का, हा आपला प्रश्न आहे. नत्र वाढवले की दाण्यातील प्रथिनांचे प्रमाण बहुधा वाढते. परंतु प्रथिनांचे प्रमाण आणि त्यांची पोषणाची प्रत या वेगळ्या गोष्टी आहेत. गव्हात जादा नत्रामुळे लायसिन (शरीराला आहारातूनच मिळवावे लागणारे अमिनो आम्ल) कमी असलेली ग्लुटेनची प्रथिने अधिक साठतात, तर राजगिऱ्यात मुळातच अल्ब्युमिन व ग्लोब्युलिन ही प्रथिने प्रमुख असल्यामुळे लायसिन भरपूर असते आणि त्यासाठी युरिया ओतण्याची गरज नसते. आधी कांदा घेतलेल्या रानात त्या पिकाला दिलेले नत्र शिल्लक असू शकते, म्हणून माती परीक्षण अवश्य करावे. युरियात ४६ टक्केच नत्र असते, हे विसरून हिशेब करणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. अर्धी मात्रा पेरणीवेळी, उरलेली महिनाभराने ओलीवर द्यावी. अतिरेक झाल्यास उंच ताटे कणसांच्या भाराने लोळतात.