गळाच्या जिवावर घर चालवायचं असेल तर

प्रिय भाऊ,

तुझं पत्र मिळालं. सोबत पाठवलेला मरळीचा फोटो झकास आहे, पण तो बघून कुठलीही कंपनी तुला रॉड (गळाची काठी) पाठवणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. स्पर्धा खेळून, स्पॉन्सर मिळवून यावरच घर चालवता येईल का, असं तू विचारलंस. येईल. मात्र अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये दिसतं तसं नाही, आणि दोन-तीन वर्षांत तर नाहीच.

आधी तिकडचा हिशेब बघ. बासमास्टर क्लासिक ही बास मासे गळाने पकडण्याची तिथली सर्वांत मानाची स्पर्धा १९७१ पासून होते आणि पहिलं बक्षीस ३ लाख डॉलरचं असतं. एवढंच आपल्याला दिसतं. पण वरच्या पातळीवर पूर्ण हंगाम खेळायची प्रवेश फीच दहा हजारांच्या पटीत डॉलर असते. बोट, ती ओढणारी गाडी, इंधन, मुक्काम हे सगळं वेगळं. पाच माशांची मर्यादा, वजनावर गुण, आणि मेलेला मासा वजनकाट्यावर आणला तर माशामागे चार औंस वजा. अशा खेळात दर वेळी बक्षीस कोणालाच लागत नाही. म्हणून तिथलेही खेळाडू खर्च स्पॉन्सरच्या पैशातून भागवतात आणि बक्षीस आलं तर ते वरकड धरतात.

आपल्याकडे असा हंगामभर चालणारा, पोट भरेल एवढ्या पैशांचा खेळ नाही. मुंबईत पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, बंगळुरात ऑल इंडिया गेम फिशिंग असोसिएशन आहे. शिवाय ठिकठिकाणचे क्लब पकडा-फोटो काढा-सोडा या पद्धतीच्या स्पर्धा घेतात आणि कोकण किनाऱ्यावर समुद्रातल्या स्पर्धा होतात. बक्षीस बहुतेक वेळा ढाल आणि सामान, कधी थोडी रोकड. घरखर्चाची वही मांडताना बक्षिसाच्या रकान्यात शून्य लिही. तरीही स्पर्धा खेळायच्याच, कारण ओळख आणि पुरावा दोन्ही तिथेच मिळतं.

आता मुख्य मुद्दा. स्पॉन्सर तुझ्या माशाचे पैसे देत नाही, तुझ्यामुळे दुकानातून जो माल उठेल त्याचे देतो. जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या गळ टाकणाऱ्या पोरांना तापीच्या गढूळ पाण्यात कुठला गळ चालतो, गिरणेला कुठली दोरी तुटते, हे त्यांच्या भाषेत सांगणारा माणूस आयातदाराला मुंबईत बसून मिळत नाही. तो माणूस तू झालास तर तुझी किंमत आहे. व्हिडिओ मराठीत कर, मध्ये अहिराणी येऊ दे. ‘मासा कितला किलोना शे?’ असं काठावरचा म्हातारा विचारतो ते कापू नकोस. देशभराचे लाखभर प्रेक्षक दाखवण्यापेक्षा खान्देशातले पाच हजार, तेही सामान विकत घेणारे, दाखवता आले तर बोलणी लवकर जमतात.

पाण्यावरची तयारी कशी करायची ते नीट वाच, नवी पोरं इथेच ढिलाई करतात. लांबीवर गुण असलेल्या स्पर्धेत समज पाच मासे धरायचे आहेत. पहिल्या दोन तासांत २५ सेंमीच्या पाच चिलापी लावल्यास तर १२५ झाले. मग एकच ६० सेंमीची मरळ लागली की एक चिलापी बाद होऊन बेरीज १६० होते. म्हणून आधी पाचाचा कोटा भरायचा, मग मोठ्याच्या मागे लागायचं. सकाळपासून मरळीचाच ध्यास घेतलेला खेळाडू दुपारी रिकाम्या हाताने कार्ड देतो, हे प्रत्येक स्पर्धेत दिसतं.

अशा स्पर्धेत मासा मापाच्या पट्टीवर ठेवून फोटो काढायचा असतो, आणि फोटो बाद होण्याची कारणंही तीच ती असतात. तोंड पट्टीच्या टोकाला टेकलेलं नसतं, तोंड उघडं असतं, शेपटीवर बोट येऊन आकडा झाकला जातो, त्या दिवसाचं ओळखचिन्ह चौकटीबाहेर राहतं, किंवा ओल्या पट्टीवर ऊन चमकून आकडेच दिसत नाहीत. सूर्याकडे पाठ कर, स्वतःची सावली पट्टीवर पडू दे आणि फोन सरळ वरून धर. तिरका धरलास तर लांबी चुकीची दिसते आणि पंच शंका घेतात. घरी पुठ्ठ्याचा मासा कापून याचा सराव कर. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण खऱ्या माशाला पाण्याबाहेर ठेवायचा वेळ यानेच कमी होतो.

आपल्याकडच्या उन्हात हा वेळ फार महत्त्वाचा. भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. काठावर पडलेली पट्टी तव्यासारखी तापते, ती न भिजवता तिच्यावर मासा ठेवलास तर त्याच्या अंगावरचा चिकट थर जातो आणि सोडल्यावर तो काही दिवसांत बुरशी लागून मरू शकतो. गरम पाण्यात प्राणवायूही कमी असतो, दमलेला मासा सावरत नाही. पट्टी आणि हात आधी भिजव. बारीक जाळीची रबरी झोळी वापर, गाठींची सुती नको. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर गळ गुंडाळून ठेव.

सामानाबद्दल थोडक्यात. चिलापी आणि लहान मरळीसाठी सात फुटी मध्यम ताकदीचा रॉड, २५०० ते ३००० आकाराचं स्पिनिंग रील, २० पौंडी विणलेली दोरी आणि पुढे दोन-तीन फूट १६ पौंडी फ्लुरोकार्बन (पाण्यात सहसा न दिसणारी दोरी) एवढं पुरतं. दोन्ही दोऱ्या जोडायला एफजी गाठ शीक. १८ ते २० आलटून-पालटून वेढे घे आणि दर चार-पाच वेढ्यांनी ओढून घट्ट बसव. वेढे सैल राहिले की गाठ ऐन फेकीत सरकते आणि आपण दोष दोरीला देतो. गवतातल्या मोठ्या मरळीसाठी वेगळा जड रॉड आणि ४० ते ५० पौंडी दोरी घे. रबरी बेडकाच्या आमिषावर मरळ झडप घालून फुटली की लगेच झटका देऊ नकोस, दोरी ताणली जाईपर्यंत थांब, नाहीतर नुसता बेडूक उडून परत येतो.

ड्रॅग, म्हणजे किती ताण आला की रीलने दोरी सोडायची ते ठरवणारा ब्रेक, अंदाजाने लावू नकोस. सर्वांत कमजोर दोरीच्या ताकदीचा पाव ते एक तृतीयांश, हा नियम. १६ पौंड म्हणजे सव्वासात किलो, तर ड्रॅग १.८ ते २.४ किलोवर सुटला पाहिजे. स्प्रिंगचा वजनकाटा दोरीला लावून ओढ आणि बघ. घरी गेल्यावर ड्रॅग ढिला कर, आतल्या चकत्या दाबून राहिल्या की पुढच्या वेळी दोरी झटके देत सुटते.

वही ठेव. तारीख, वेळ, धरणाची पातळी, पाण्याचा रंग, तापमान, वारा, आमिष, आणि मासा लागला नाही तर तेही. पाणी चढतं तेव्हा मरळ नव्याने बुडालेल्या गवतात आणि बाभळींच्या बुडाशी येते. ऑगस्टमध्ये तापी लाल गढूळ असताना चमकणाऱ्या आमिषाचा उपयोग नसतो, तिथे वासाचं आमिष लागतं. थंडीत रोहू पहाटेपेक्षा दुपारी बरा उठतो. अशी दोन वर्षांची वही म्हणजेच तुझ्या व्हिडिओंचा मालमसाला. लाल-नारिंगी पिल्लांचा थवा दिसला तर मात्र तिथे गळ टाकू नकोस. खाली राखणीला आई-बाप असतात, ते उचलले की पिल्लं तासाभरात दुसऱ्यांच्या पोटात जातात. असा मासा उचलून दाखवणाऱ्याला जाणकार लोक मनातून खोडतात, आणि कंपनीत निर्णय घेणारा माणूस बहुधा गळवालाच असतो.

परवानगीशिवाय चित्रीकरण करू नकोस. धरण जलसंपदा खात्याचं आणि मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे, अशी वाटणी असते. गिरणा धरण पाणी देतं खान्देशाला, पण आहे नांदगाव तालुक्यात, म्हणजे नाशिक जिल्ह्यात. जळगावच्या कार्यालयात अर्ज देण्याआधी विचारून घे. संस्थेच्या चेअरमनला आधी भेट. त्या लोकांचं पोट जाळ्यावर आहे. मासा सोडून देणारी पोरं काठावर का फिरतात याचा त्यांना संशय येतो आणि तो रास्त आहे. प्रत्येक गळामागे ठरावीक शुल्क संस्थेला द्यायचं कबूल केलंस, बेकायदा जाळी दिसली की कळवलंस, तर हीच माणसं उद्या तुला होडी देतील. भिंतीवर आणि दरवाजांजवळ फोटोला मनाई असते, तिथे ड्रोनचा तर विचारही नको.

आता कंपनीला पाठवायचं पत्र. एका पानाच्या वर नको. तू कोण, कुठल्या पाण्यावर खेळतोस, कुठले मासे. स्पर्धांचे निकाल आणि किती जणांत कितवा (‘तिसरा’ एवढंच लिहिलं की वाचणारा पाच जणांत तिसरा असं समजतो). प्रेक्षक कुठल्या गावचे आणि वयाचे, हे ॲपमधल्या आकडेवारीचा फोटो लावून. तीन चांगल्या व्हिडिओंचे दुवे. मग तू काय देणार ते मोजून लिही: महिन्याला दोन व्हिडिओ, तीन महिन्यांतून एकदा दुकानात प्रात्यक्षिक, तुझ्या नावाचा सवलत-कोड. शेवटी काय हवं ते स्पष्ट. ‘सपोर्ट करा’ असं मोघम लिहिशील तर उत्तर येत नाही. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे पत्र जानेवारी-फेब्रुवारीत जाऊ दे. मेमध्ये पाठवलंस तर पैसे वाटून झालेले असतात.

सुरुवात जवळच्या दुकानदारापासून कर, कंपनीकडे त्याचाच शब्द चालतो. पहिली पायरी सवलत, दुसरी फुकट सामान, तिसरी रोख. मात्र ‘आमचा अँबॅसडर हो, किट तीस टक्के सवलतीत घे’ असं कोणी म्हटलं तर तो तुला गिऱ्हाईक करतोय, स्पॉन्सर नव्हे. सामानाच्या कंपन्यांच्याच मागे लागू नकोस. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातला खतवाला, ठिबकवाला, टायरचा डीलर, हायवेवरचा ढाबा यांचं गिऱ्हाईक आणि तुझे प्रेक्षक बरेचसे तेच आहेत. स्पर्धेची फी आणि गाडीभाडं यांच्याकडून सुटतं.

करार कागदावर हवा, निदान ईमेलवर. मुदत किती, पैसे कुठल्या तारखेला, तुझे फोटो ते किती काळ वापरणार, बंदी कुठल्या वस्तूंपुरती. रॉडच्या कंपनीने ‘दुसरं कुठलंच नाव नको’ म्हटलं तर ‘फक्त रॉडपुरतं’ असं दुरुस्त करून घे, नाहीतर रील, दोरी, गॉगल सगळे दरवाजे बंद. जाहिरात असेल तिथे ‘जाहिरात’ असं ठळक लिही. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे त्याबद्दलचे नियम २०२१ पासून आहेत. आणि कर. १ जुलै २०२२ पासून एका कंपनीकडून वर्षात २० हजारांच्या वर किमतीचा माल मिळाला तर त्यावर १० टक्के टीडीएस (आधीच कापून भरायचा कर) लागतो. ३० हजारांचं रील फुकट आलं, तर त्याचे ३ हजार कुठून तरी भरावे लागतात. ते कोण भरणार हे आधी ठरव. चित्रीकरणानंतर वस्तू परत केलीस तर तो लाभ धरत नाहीत, ठेवून घेतलीस तर धरतात.

पोटासाठी मात्र दुसरं काही हातात हवं, आणि माझ्या मते सर्वांत खात्रीचं काम रील दुरुस्तीचं आहे. खान्देशात रील उघडणारा माणूस सापडणं मुश्कील. दोरी ज्यावरून फिरते तो छोटा रोलर वाळूने अडकतो, मग दोरीला पीळ पडतो, ती झिजते, आणि गिऱ्हाईक नवीन दोरी घेऊन पुन्हा तेच भोगतं. रोलर खोलायचा, साफ करायचा, बेअरिंगला एक थेंब पातळ तेल, दात्यांना ग्रीस, ड्रॅगच्या चकत्यांना फक्त त्यांच्यासाठीचं ग्रीस. खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो काढ, बारीक वॉशर उलटा बसला की रील घासायला लागतं. याच्या जोडीला शनिवार-रविवारी नवशिक्यांना शिकवणं, लाइफ जॅकेट घालूनच. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मनोरंजनासाठीच्या मासेमारीचाही घटक होता, सर्वसाधारण गटाला ४० आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के साहाय्य. आता काय चालू आहे ते जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचार. कर्ज काढून सामान मात्र घेऊ नकोस, आणि नोकरी असेल तर दोन वर्षं सोडू नकोस.

एका पानाचं ते पत्र लिहून मला पाठव, खाडाखोड करून परत करतो.

तुझा,
काका

ता. क. पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाच्या खाली पात्रात उतरून गळ टाकू नकोस. ४१ दरवाजे आहेत, आणि पाऊस वर पूर्णेच्या किंवा तापीच्या खोऱ्यात झाला की तुझ्या डोक्यावर ऊन असतानाही ते उघडतात. भोंगा वाजला की सामान तिथेच टाकून वर ये.