मॅट्रिक्सचे प्रूफ: तीन उदाहरणं जमली, मग मार्क का नाही?

प्रश्न: सर, ए आणि बी या मॅट्रिक्स (आकड्यांचे चौकटीतले तक्ते) गुणून आलेल्या एबीचा ट्रान्सपोज (रो आणि कॉलमची अदलाबदल) म्हणजे बी ट्रान्सपोज गुणिले ए ट्रान्सपोज, हे मी तीन उदाहरणं घेऊन दाखवलं तरी शून्य मार्क. असं का?

कारण मॅट्रिक्स अगणित आहेत आणि तू तीनच तपासल्यास. आधी साइज बघायची सवय लाव, ए २×३ आणि बी ३×४ असेल तर एबी २×४, त्याचा ट्रान्सपोज ४×२, आता ए ट्रान्सपोज ३×२ आणि बी ट्रान्सपोज ४×३, याच क्रमाने गुणायला गेलास तर गुणाकारच होत नाही, क्रम उलटा केलास की बरोबर ४×२ येतं. हे प्रूफ नाही हां, नुसता अंदाज. प्रूफसाठी एकच घर पकड, आय नंबरची रो आणि जे नंबरचा कॉलम. डाव्या बाजूला त्या घरात काय येतं? एची जे रो गुणिले बीचा आय कॉलम. उजवीकडे बी ट्रान्सपोजची आय रो, म्हणजे बीचा आय कॉलमच, आणि ए ट्रान्सपोजचा जे कॉलम, म्हणजे एची जे रो. तीच जोडी! आय, जे कुठलेही घेतले होते, म्हणून सगळी घरं एका दमात झाली.

प्रश्न: मग एबी शून्य असेल तर ए किंवा बी शून्य, हेही असंच करायचं का?

ते खोटंच आहे रे. आणि खोडायला मात्र एक उदाहरण पुरतं: २×२ मध्ये वर उजव्या कोपऱ्यात १, बाकी तिन्ही ०. स्वतःशीच गुणून बघ.

प्रश्न: एबी वजा बीए बरोबर आयडेंटिटी (कर्णावर १, बाकी सगळीकडे ०), असं जमेल का?

नाही. ट्रेस, म्हणजे कर्णावरच्या घरांची बेरीज घ्या: एबी आणि बीए यांचा ट्रेस सारखाच, म्हणून डावीकडे ०, उजवीकडे एन, म्हणजे मॅट्रिक्सची साइज. संपलं.

प्रश्न: कॅली-हॅमिल्टन प्रमेय म्हणतं, ए वजा लॅम्डा गुणिले आयडेंटिटी याचा डिटरमिनंट (चौरस मॅट्रिक्सवरून काढायचा एक आकडा) उलगडून येणाऱ्या राशीत लॅम्डाऐवजी ए घातलं की शून्य येतं. ते शिकवताना मी उलगडण्याआधीच डिटरमिनंटमध्ये लॅम्डाच्या जागी ए टाकते, शून्य येतं. एक मुलगा म्हणतो हे चूक.

त्याला शाबासकी द्या मॅडम. लॅम्डा आकडा आहे, कर्णावरच्या एकेका घरातून वजा होणारा, तिथे अख्खी मॅट्रिक्स कशी कोंबणार? पटत नसेल तर डिटरमिनंटऐवजी ट्रेस घेऊन हाच जुगाड करा. २×२ ला 'ट्रेस वजा २ लॅम्डा' मिळतं, म्हणजे ट्रेस गुणिले आयडेंटिटी वजा २ए शून्य यायला हवं. कर्णावर १ आणि ३, बाकी ० घ्या: येतात २ आणि −२. शून्य कुठंय? त्यापेक्षा २×२ ला अक्षरं घेऊन फळ्यावर सरळ गुणून दाखवा. खुद्द कॅलीने १८५८ मध्ये २×२ करून, ३×३ पडताळून पुढचं सोडून दिलं होतं, सगळ्या साइजचं प्रूफ फ्रोबेनियसने १८७८ मध्ये दिलं. वरच्या शून्य मार्कवाल्याला तेवढाच दिलासा.