इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे. तोवर २० हजारांत, तोडफोड न करता हॉल जरा बरा कसा करता येईल?

तुम्ही लिहिलंय की घर म्हाडा वसाहतीतलं, हॉल १० बाय १४, आणि सोसायटी म्हणते दोन-तीन वर्षांत इमारत खाली करावी लागेल. मी विक्रोळीच्या कन्नमवार नगरात राहते. आमची सोसायटी हे 'दोन-तीन वर्षांत' गेली नऊ वर्षं म्हणतेय. तेव्हा थांबू नका, पण जे उद्या भाड्याच्या घरात उचलून नेता येईल त्याच्यावरच पैसे घाला. फॉल्स सिलिंग, भिंतीला ठोकलेलं टीव्ही युनिट, फरशीवर फरशी, यातलं काहीही नको. रंगाला तेवढी सूट, तीही एका भिंतीपुरती.

पहिले आठ दिवस खरेदीच करू नका. आधी सामान बाहेर काढा. आमच्या हॉलमध्ये सासऱ्यांनी करून घेतलेली शोकेस होती, सरकत्या काचांची. आत प्लास्टिकच्या डबीतला ताजमहाल, ज्यातून कोणी कधी सरबत प्यायलं नाही असा लेमन सेट, आणि नणंदेला शाळेत खो-खोत मिळालेली ढाल. पाच फूट रुंद आणि दीड फूट खोल, म्हणजे १४० चौरस फुटांच्या हॉलमधले साडेसात फूट या ताजमहालाने अडवले होते. काढायचं म्हटल्यावर सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. मग मी म्हटलं, आई, आठ दिवस आतल्या खोलीत ठेवू, करमलं नाही तर परत आणू. पाचव्या दिवशी त्या रिकाम्या जागी त्या पाट टाकून मेथी निवडत बसल्या, आणि मी गुपचूप भंगारवाल्याला फोन केला. ढाल मात्र अजून आहे, टीव्हीच्या बाजूला.

दुसरं काम उजेडाचं. आपल्याकडे हॉलमध्ये भिंतीच्या मधोमध एक पांढरी फटफटीत ट्यूब असते आणि सगळी माणसं दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखी दिसतात. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे तो दवाखान्याचा पांढरा, ३००० म्हणजे पिवळसर, संध्याकाळी डोळ्यांना बरा वाटणारा. ट्यूब काढू नका, मुलांच्या अभ्यासाला आणि तांदूळ निवडायला ती लागतेच. फक्त ३००० केल्विनचे ९ वॉटचे दोन-तीन एलईडी बल्ब वेगवेगळ्या उंचीवर लावा: एक सोफ्याच्या कोपऱ्यात उभ्या दिव्यात, एक टीव्हीच्या मागच्या बाजूला. ९ वॉटचा एलईडी जुन्या ६० वॉटच्या बल्बएवढा उजेड देतो, त्यामुळे बिलाची काळजी नको. दिवे मी लोहार चाळीतून आणले. सीएसएमटीला उतरून चालत जायचं, येताना मंगलदास मार्केटमध्ये पडद्याचं कापड. एका फेरीत दोन्ही होतं, फक्त रविवारी जाऊ नका, बंद असतं. लोंबणाऱ्या वायरींसाठी केसिंग पट्टी घ्या. अगदी स्वस्तातली वस्तू, पण टीव्हीखालचं ते जाळं दिसेनासं झालं की अर्धा हॉल आवरल्यासारखा वाटतो.

आता सोफा. खरे पैसे इथेच जातात आणि फसवणूकही इथेच होते. नवीन घेऊ नका. आधी जुना दोन्ही हातांनी धरून हलवा. सांगाडा सागवानी असेल, कुरकुरत नसेल, तर तो आजच्या शोरूममधल्या प्लायवाल्यापेक्षा चांगला आहे. बदलायचा तो फक्त फोम, खालचे पट्टे आणि कापड. काम करणाऱ्याने मला '४० डेन्सिटीचा फोम' असं सांगून पैसे घेतले. आमच्या ह्यांना संशय आला, त्यांनी तो एका बोटावर तोलून मला दाखवला, इतका हलका. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन, एवढंच. म्हणजे २ बाय २ फुटांचा, ४ इंच जाडीचा तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर दीड किलोच्या आसपास भरायला हवा, ३२चा असेल तर सव्वा किलोला थोडा कमी. आम्ही खालच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवला, ९०० ग्रॅम! कारागीर काट्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "ताई, माल बदली झाला असेल." दुसऱ्या दिवशी बदलून आला. तेव्हा कापड चढवायच्या आधी फोमचं वजन करून घ्या, नंतर कोण उसवणार? माझ्या तीन सीटच्या सोफ्याला ८ मीटर कापड लागलं. रंग गडद घ्या आणि कापड जाड विणीचं. मखमलीसारखं घेऊ नका, पावसाळ्यात त्याला कुबट वास धरतो.

पडद्यांचं गणित सोपं आहे, पण दुकानात कोणी समजावत नाही. दांडी खिडकीच्या चौकटीला चिकटून न लावता छतापासून नऊ-दहा इंचांवर लावा आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच बाहेर काढा. खिडकी आहे त्यापेक्षा मोठी वाटते आणि पडदा सरकवला की काच पूर्ण मोकळी होते. पाच फुटी खिडकीला दांडी झाली साडेसहा फूट. चुण्या नीट पडायला दुप्पट कापड, म्हणजे तेरा फूट. ४८ इंच पन्ह्याचे तीन भाग म्हणजे बारा फूट, फूटभर कमी पण पुरतात. प्रत्येकी आठ फूट लांबी अधिक एक फूट दुमडायला, म्हणजे एकूण सव्वाआठ मीटर. मला १८० रुपये मीटरने कापड मिळालं, भागाला १५० शिलाई, दांडी ७०० ची. खिडकीच्या लगेच वर लिंटेल असतो, काँक्रीटचा. तिथे भोक पाडायचं असेल तर साध्या ड्रिलने होत नाही, हॅमर ड्रिलवाला बोलवा. पडदे जमिनीपर्यंत आले की फरशी पुसताना त्यांना गाठ मारावी लागते, हे आधीच सांगून ठेवते.

भिंतीबद्दल माझं एक वेडेपण. मे महिन्यात मी चिकटवायचा वॉलपेपर आणला, विटांचं डिझाइन. महिनाभर पाहुणे वाखाणत होते. जुलैत एका रात्री फर्रर्र आवाज झाला आणि सकाळी अख्खी वीटभिंत टीव्हीवर ओणवी पडलेली. मागे बुरशीचे काळे ठिपके. भिंत पश्चिमेची, पाऊस थेट तिच्यावरच येतो, बाहेरच्या प्लास्टरला चिरा. ते काम सोसायटीचं, आणि रिडेव्हलपमेंटच्या नावाखाली सोसायटी ते करणार नाही. म्हणून आधी तपासा: हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा, दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतच आहे, तिथे रंगाचा एक रुपयाही घालू नका. कोरडी असेल तीच भिंत रंगवा, शक्यतो खिडकीसमोरची, कारण दिवसाचा उजेड तिच्यावरच आपटून खोलीत पसरतो. फिका रंग घ्या. पोपडे खरवडून, पुट्टी भरून, दोन हात. मला मजुरीसकट २,८०० पडले. आत्ता पावसाळा असेल तर रंगाचं नावच काढू नका, दसऱ्याच्या सुमारास करा. तेव्हा रंगारी भाव खातात, पण भिंती सुकलेल्या असतात.

झाडं हवीत तर मनीप्लँट बाटलीत लावा, फार लाड लागत नाहीत. पण दर आठवड्याला जुनं पाणी ओतून टाका, बाटली आतून घासा आणि नवं भरा. त्यात डेंग्यूचे डास होतात, आणि पालिकेची माणसं तपासायला येतात तेव्हा आधी याच बाटल्या उचलून बघतात.

माझा हिशेब गेल्या वर्षीचा: सोफा ९,५००, भिंत २,८००, पडदे २,६५० आणि दिवे-पट्ट्या १,९००. सतराच्या आत झालं. उरलेल्यात गालिचा घ्यायचं मनात होतं, नाही घेतला. आपल्या हवेत तो चार महिने नुसता ओलसर राहतो. त्याऐवजी माळ्यावरची सोलापुरी चादर दुमडून दिवाणावर टाकली आणि जुन्या खणाच्या दोन परकरांच्या उश्यांच्या खोळी शिवल्या. शिवताना सासूबाईंनी एक परकर ओळखला. नणंदेचा, त्याच खो-खोच्या वर्षीचा. ती उशी आता त्यांच्याच बाजूला असते, दुसऱ्या कोणाला टेकू देत नाहीत.