स्टोकमध्ये पांढरी माती नाही, मग कपबश्या तिथेच का?

तुमचा प्रश्न असा: "स्टोक-ऑन-ट्रेंटच्या कपबश्या जगभर गेल्या, पण त्यांची पांढरी माती कॉर्नवॉलहून यायची असं वाचलं. मग कारखाने तिथेच का? पुढच्या महिन्यात मुलीकडे मँचेस्टरला येतोय, एका दिवसात काय बघता येईल?"

मी अकरा वर्षं इथे, इंग्लंडमधल्या स्टोकच्या लाँगटन भागात राहते, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

कारण कोळसा, जो इथल्याच जमिनीत होता. भांडी दोनदा भाजावी लागतात, एकदा कच्ची आणि एकदा झिलई चढवल्यावर, आणि त्यात मातीच्या कितीतरी पट वजनाचा कोळसा जळतो. मग माती कोळशापाशी आणायची की कोळसा मातीपाशी न्यायचा? जे हलकं ते हलवायचं, एवढा साधा हिशेब. इथली स्वतःची मातीही वाया गेली नाही. सतराव्या शतकात इथल्या बर्स्लेम गावचे कुंभार तिची लोण्याची मडकी करून विकत. पुढे पांढऱ्या भांड्यांचे दिवस आले, तेव्हा डेव्हन, डॉर्सेट आणि कॉर्नवॉलची माती आणि दक्षिणेकडची गारगोटी जहाजाने यायची. शेवटचा टप्पा मात्र खड्ड्यांच्या रस्त्यांवरून, तट्टांच्या पाठीवर. तयार माल परत जाताना तसाच आपटत जाई आणि फुटे. म्हणूनच इथला नामांकित कुंभार-कारखानदार जोसाया वेजवूड कालव्यासाठी हात धुऊन मागे लागला. 1766 मध्ये पहिली कुदळ त्यानेच मारली, जेम्स ब्रिंडली अभियंता होता आणि 1777 मध्ये ट्रेंट-मर्सी कालवा पुरा झाला. त्याच्या काठालाच वेजवूडने 1769 मध्ये एट्रुरियाचा कारखाना काढला होता. पुढे स्पोड या इथल्याच दुसऱ्या कारखान्याने मातीत जवळजवळ निम्मी हाडांची राख घालून बोन चायनाची कृती पक्की केली. नावातलं 'बोन' शब्दशः खरं आहे.

वेजवूडची गोष्ट सगळे सांगतात. मला जास्त सांगावंसं वाटतं ते भट्टीत माल लावणाऱ्यांबद्दल.

इथल्या भट्ट्या बाटलीच्या आकाराच्या, आत दोन-तीन मजली घर मावेल एवढ्या. भांड्यांना धूर-ज्वाळा लागू नयेत म्हणून ती जाड मातीच्या डब्यांत ठेवत. त्या डब्याला सॅगर म्हणतात आणि तो करायला इथलीच माती लागे. भरलेला सॅगर पंचवीसेक किलोचा. तो डोक्यावर घेऊन माणसं शिडी चढत आणि एकावर एक रचत. टोपीत जुन्या मोज्याची गुंडाळी घालत. संग्रहालयात ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी थबकलेच. ती आपली चुंबळ होती! माझी आजी विहिरीवरून हंडे आणताना लुगड्याच्या चिंधीची करायची, तश्शी.

मजुरीची पद्धत तर ऐकवत नाही. कितीतरी वर्षं नियम असा होता, की भट्टीतून शाबूत निघेल तेवढ्याच मालाचे पैसे. जाळ घालणारा चुकला, दुसऱ्याच्या हातून फुटलं, तरी नुकसान भांडं घडवणाऱ्या कारागिराचंच. कारागीर साच्यावर बशी घडवी आणि सात-आठ वर्षांची पोरं तो साचा घेऊन तापलेल्या वाळवण-खोलीत पळत, ठेवत, परत पळत. दिवसभर तेच. 1841 च्या सुमारास सरकारी चौकशीत या पोरांच्या जबान्या नोंदल्या गेल्या, पण कारखान्यांचा कायदा या धंद्याला लागू झाला 1864 मध्ये. तेवीस वर्षं! झिलईत शिसं असे, त्यात माल बुडवणाऱ्या बायकांना विषबाधा होई, गर्भ पडत. गारगोटीच्या धुळीने फुप्फुसं निकामी होत. आपण त्याला सिलिकोसिस म्हणतो, इथे नाव होतं 'पॉटर्स रॉट', म्हणजे कुंभारांची सडण.

माझ्या शेजारच्या आजींनी तीस वर्षं कपांना कान चिकटवले. कारखाना बंद पडला तरी सवय गेली नाही. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आल्या तेव्हा आधी बशी उलटी करून खालचा शिक्का वाचला, मग माझ्याकडे बघून "छान आहे, डक" म्हणाल्या. 'डक' म्हणजे आपलं 'बाळा'. बशी उलटून बघणं ही इथल्या लोकांची खूणच आहे.

टन्स्टल, बर्स्लेम, हॅनली, स्टोक, फेंटन, लाँगटन ही सहा गावं 1910 मध्ये एक होऊन स्टोक-ऑन-ट्रेंट झालं, शहराचा दर्जा 1925 चा. एके काळी बाटली-भट्ट्या दोन हजारांवर होत्या. 1956 चा स्वच्छ हवेचा कायदा आला, गॅस-विजेच्या भट्ट्या आल्या आणि आता जेमतेम पन्नासच्या आत उरल्यात. धूर गेला ते चांगलंच झालं. पण पुढे काम परदेशी गेलं, 2008 मध्ये स्पोड बंद झालं, 2009 च्या जानेवारीत वेजवूडही दिवाळखोरीमुळे प्रशासकांच्या ताब्यात गेलं, आणि घरंच्या घरं बेकार झाली, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुमचा दिवस. मँचेस्टर पिकॅडिलीहून थेट गाडी आहे, तासाच्या आत पोचाल. स्टेशनासमोर हातात फुलदाणी घेतलेला वेजवूडचा पुतळा दिसेल. तिथूनच डर्बीची गाडी पकडा आणि पहिल्याच स्टेशनावर, लाँगटनला, उतरा. ग्लॅडस्टन संग्रहालयात भट्टीच्या पोटात उभं राहता येतं. ते चुकवू नका, दोन तास तरी ठेवा. दुपारी बर्स्लेमजवळ कालव्याकाठच्या मिडलपोर्ट कारखान्यात जा. तिथे आजही पातळ कागदावरची नक्षी हाताने भांड्यावर उतरवतात. वेळ कमी पडला तर बारलॅस्टनचा वेजवूडचा कारखाना वगळा, तो गावाबाहेर आहे. टाइल्सची आवड असेल तर मिंटनचं नाव लक्षात ठेवा. मुंबईला राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात पायाखाली मिंटनची फरशी आहे, आणि ती कंपनी इथलीच.

सकाळी उपाशी या. इथले ओटकेक म्हणजे ओटच्या पिठाची तव्यावरची आंबोळीच, आत चीज घालून दुमडलेली. दुकानं दुपारपर्यंत बंद होतात, म्हणून आधी तेच खा.