कोरोना होऊन सहा महिने झाले, रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी काम केल्यावर दुसऱ्या दिवशी अंग उचलत नाही. काय करू?

तुमचे प्रश्न तीन: फुप्फुसं कमजोर झालीत का, कुठलं टॉनिक घ्यावं, आणि सासरे म्हणतात तसं रोज पहाटे पाखाडी (दगडी पायऱ्यांची चढण) चढून घाम काढावा का. तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण फिजिओथेरपीत राहून हा वाद मी आमच्याच लोकांशी घालत आलोय. नाही, अजिबात चढू नका.

तुम्ही लिहिलंय की पावसाळ्याची लाकडं पडवीत रचली तेव्हा काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारपासून मात्र अंथरूण धरलं. सगळी मेख इथेच आहे. साधा अशक्तपणा काम करतानाच जाणवतो आणि झोप काढली की उतरतो. हा त्रास १२ ते ७२ तासांनी उसळतो. अंग तर मोडून येतंच, शिवाय डोकं बधिर होतं, बोलताना शब्द सापडत नाहीत. अशा माणसाला 'रोज थोडं थोडं वाढवा' म्हणून चालवलं की तो आणखी खचतो. उपचार कसे करावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये याच जातीच्या दीर्घ थकव्याच्या आजारासाठी, म्हणजे एमई/सीएफएससाठी, टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा सल्ला काढून टाकला. आमच्याकडे 'स्टॅमिना वाढवा' अजून चालूच आहे.

आधी नाडी मोजा. घरात कुणीतरी जवळ असताना १० मिनिटं आडवे पडा आणि ठोके लिहा. मग उठून भिंतीला पाठ टेका, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. १० मिनिटं न बोलता, न हलता उभे राहा आणि दर मिनिटाला ठोके लिहा. चक्कर आली तर लगेच बसा. ठोके ३० किंवा जास्त वाढून तसेच राहिले तर तो कागद घेऊन फिजिशियनकडे जा. हा पॉट्स, म्हणजे उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याचा त्रास, असू शकतो. झोपवून काढलेल्या ईसीजीत तो सहसा दिसत नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल येतात. ऑक्सिमीटर वापरत असाल तर नेलपॉलिश काढा, बोटं गार नकोत आणि आकडा स्थिर झाल्यावरच लिहा.

दुसरं म्हणजे वही. दोन आठवडे काय काम केलं आणि पुढचे तीन दिवस कसे गेले, ते लिहा. कुठल्या कामानंतर कोसळता ते कळलं की त्याच्या निम्म्यावर थांबायचं, दम लागायच्या आधी. नाडी आरामातल्या ठोक्यांपेक्षा १५ च्या वर जाऊ द्यायची नाही, हा ढोबळ नियम बऱ्याच जणांना उपयोगी पडतो. आंघोळ स्टुलावर बसून, पाणी कोमट. भांडी, मासे साफ करणं, दोन्ही बसून आणि मध्ये आडवं पडून. यंदा भाताचा तरवा (रोपं) काढायला, लावायला चिखलात उतरू नका. मजूर मिळत नसतील तर एखादा कुणगा (शेताचा तुकडा) पडीक राहू दे. घोळ होतो तो बऱ्या दिवशी. बरं वाटलं म्हणून माणूस साठलेलं सगळं उरकतो आणि पुढचा आठवडा घालवतो. डोक्याचं कामही यातच धरा. पतपेढीचा हिशेब तासभर केला तरी तेवढाच फटका बसतो.

फुप्फुसांचं म्हणाल तर एक्स-रे आणि चालल्यानंतरचा ऑक्सिजन ठीक असेल तर बहुधा दोष तिथे नाही. टॉनिकवर पैसे घालवू नका. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर, बी-१२ तपासलं नसेल तर तपासा. कमी निघेल ते भरून काढा. आजारात स्टेरॉइड घेतलं असेल तर साखर नक्कीच. पॉट्स निघाला तर डॉक्टर पाणी आणि मीठ वाढवायला सांगतील, पेजेत मीठ घालून भागतं. पण बीपी, किडनी किंवा हृदयाचा आजार असेल तर हे मनाने करू नका.

आणखी एक, हे आधीच लिहायला हवं होतं: दुसऱ्या दिवशी कोसळणं ज्यांना होत नाही, नुसता दम लागतो, त्यांनी व्यायाम जरूर करावा, त्यांना त्याने फायदा होतो. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर टीबीसाठी थुंकी तपासून घ्या, प्रत्येक खोकला कोरोनाच्या खात्यावर मांडू नका. पावसात ताप येऊन पोटऱ्या दुखल्या तर लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) शंका घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. छातीत दुखणं, बेशुद्ध पडणं, एकाच पायाला सूज किंवा ऑक्सिजन ९२ वा खाली आला तर वही बाजूला ठेवून थेट जिल्हा रुग्णालय.