मिस, मी कॅरिबियन म्हणून अर्ज करू का?

न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सच्या एका शाळेत मी समुपदेशक आहे. जवळच्या रिचमंड हिलला सगळे लिटल गयाना म्हणतात, तिथली भारतीय वंशाची गयानीज मुलं माझ्याकडे खूप येतात आणि दरवर्षी बारावीतलं कुणीतरी विचारतंच की कॅरिबियन वारशाच्या स्कॉलरशिपला मी अर्ज करू का, चेहरा तर इंडियन आहे. मागच्या वर्षीच्या एका मुलीची गोष्ट सांगते, तिला विचारूनच लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती म्हणाली, "मिस, इंडियन मुलं मला त्यांच्यातली मानत नाहीत, जमैकन मुलांना मी इंडियन वाटते, आणि गयाना तर बेटसुद्धा नाही." शेवटचं इतक्या हळू बोलली की मला परत विचारावं लागलं.

गयाना दक्षिण अमेरिकेत आहे हे खरंच, पण कॅरिकॉमचं, म्हणजे कॅरिबियन देशांच्या संघटनेचं, मुख्यालयच जॉर्जटाउनला आहे. मग पात्रतेची ओळ तिलाच मोठ्यानं वाचायला लावली: आई किंवा वडील कॅरिबियन देशात जन्मलेले हवेत. तिचे दोघंही तिकडचेच. चेहऱ्याबद्दल फॉर्ममध्ये एक अक्षर नव्हतं.

निबंध मात्र मला अजिबात पटला नाही. कार्निव्हल, बॉब मार्ली, समृद्ध संस्कृती. म्हटलं, अगं तू कार्निव्हलला गेलीयस का कधी? नाही म्हणाली, कमिटीला तेच आवडेल असं वाटलं. बरं, रविवारी घरी काय असतं? "आजी दालपुरी करते." मी चमकलेच, कारण गयानातही वडिलांच्या आईला आजीच म्हणतात, माझ्या घरातलाच शब्द तिच्या तोंडून आला आणि मग आम्ही दोघी तासभर बोलतच बसलो. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून, वाटून, पुरणासारखीच भरायची पण गूळ नाही, जिरं आणि मिरची. पूजेला कमळाच्या पानावर भातासोबत सात भाज्या, त्याला सेव्हन करी म्हणतात. मग तिनं फोनमध्ये खापरपणजोबांच्या एमिग्रेशन पासचा, म्हणजे देश सोडतानाच्या परवान्याचा फोटो दाखवला, कलकत्त्याहून निघतानाचा, त्यावर जहाजाचं नाव, जिल्हा, ठाणं, गाव आणि ओळखीची खूण म्हणून कपाळावरचा व्रण. १८३८ ते १९१७ मध्ये असे सुमारे २,३९,००० लोक करारावर ब्रिटिश गयानात गेले, बहुतेक उसाच्या मळ्यांवर. हे सगळं फोनमध्ये असताना पोरगी कार्निव्हलवर लिहीत होती, मला फार वाईट वाटलं.

नवा निबंध त्या व्रणापासून सुरू झाला. मी फक्त स्पेलिंग बघितलं.

बाकी जे तिला सांगितलं तेच सगळ्यांना सांगते. आधी फाफ्साचा, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज मदतीचा फॉर्म आणि न्यूयॉर्क राज्याची टॅप मदत, वारशाच्या स्कॉलरशिप त्यानंतर. अर्जासाठी फी मागत असतील तर लांब राहा. आणि बाहेरची स्कॉलरशिप मिळाली की काही कॉलेजं आपली मदत तेवढी कमी करतात, म्हणून कॉलेजच्या एड ऑफिसला, म्हणजे आर्थिक मदतीच्या कार्यालयाला आधीच ईमेल करून विचारा, लेखी उत्तर घ्या. हे कुणी सांगत नाही आणि मुलं ऑगस्टमध्ये रडत येतात.

तिनं दोन ठिकाणी अर्ज केला. एकीकडून नकार आला, दुसरीकडून पहिल्या सेमिस्टरच्या पुस्तकांपुरते पैसे मिळाले. तिचा धाकटा भाऊ आता दहावीत आहे, त्याला आत्तापासूनच आजीजवळ बसून फोनवर रेकॉर्ड करायला सांगितलंय.