सिंगापूरच्या क्लिफर्ड पिअर या बोटींच्या जुन्या धक्क्याच्या इमारतीला एवढे महत्त्व का दिले जाते?

तिचे खरे वैभव छतात आहे, असे माझे मत आहे. आत उभे राहून वर पाहिले की काँक्रीटच्या कमानदार कैच्या (छताला आधार देणारे सांगाडे) एकामागून एक पुढे जाताना दिसतात, आणि त्यांनीच छताचा भार पेलल्यामुळे मधल्या प्रशस्त दालनात एकही खांब आड येत नाही. बोटीतून उतरणाऱ्या गर्दीला अशाच मोकळ्या जागेची गरज होती.

जुन्या जॉन्स्टन पिअरची जागा घेणारा हा धक्का १९३३ मध्ये खुला झाला. त्याला माजी गव्हर्नर सर ह्यू क्लिफर्ड यांचे नाव दिले गेले आणि रचना सरकारी बांधकाम खात्याने, फ्रँक डॉरिंग्टन वॉर्ड मुख्य वास्तुविशारद असताना केली. मात्र स्थानिक चिनी लोक त्याला ‘लाल दिव्याचा धक्का’च म्हणत, कारण जहाजांना वाट दाखवण्यासाठी जुन्या धक्क्यावर लाल कंदील टांगलेला असे.

पुढे धक्क्यासमोरच्या मरीना खाडीच्या मुखाशी बंधारा घालून तिचे गोड्या पाण्याच्या जलाशयात रूपांतर करायचे ठरल्यामुळे बोटींना समुद्राकडे जाण्याचा मार्ग उरला नाही, आणि २००६ मध्ये धक्का बंद झाला. नंतर तिथे एका हॉटेलचे उपाहारगृह झाले. कमानी मात्र सुदैवाने जतन केल्या आहेत.